डेट्रॉइट : उपनगर नको, शहरातच राहायचंय. कुठल्या वस्त्या बघू?

रानजाई

नमस्कार. न्यू सेंटर भागातल्या एका रुग्णालयात मला नोकरी मिळाली आहे, उन्हाळा संपता संपता रुजू व्हायचं आहे. नवरा घरून काम करतो, लेक सहा वर्षांची. सध्या न्यू जर्सीत आहोत. ज्या ज्या मराठी घरी विचारलं तिथून एकच उत्तर आलं : ट्रॉय, नोव्हाय नाहीतर कँटन बघा, शहरात राहायचा विचारही करू नका.

आम्हा दोघांना मात्र शहरातच राहायचं आहे. दिवसाचा मोठा भाग हमरस्त्यावर गाडीत घालवायचा नाही, आणि संग्रहालय, नदी, बाजार हे सगळं लेकीच्या रोजच्या जगण्यात असावं असं मनापासून वाटतं. शहर सावरतंय असं सगळीकडे वाचते. पण सावरतंय म्हणजे नेमकं कुठे, कुठल्या रस्त्यावर? तिथे राहणाऱ्यांनी सांगावं. वस्त्या, शाळा, कर, थंडी, जे सुचेल ते लिहा. आधी भाड्याने राहावं की थेट घर घ्यावं, तेही.

काटेसावर

मी नोव्हायमध्ये राहते, बरीच वर्षं झाली. तुम्हाला घाबरवायचं नाही, पण आमच्याकडचे लोक असं का सांगतात ते समजून घ्या. मुख्य कारण शाळा. इथे घराचा पत्ता लागला की चांगली सरकारी शाळा ठरलेलीच, वेगळी धावपळ नाही. शिवाय नोव्हायला व्यंकटेश्वराचं मंदिर, ट्रॉयला भारतीय टेंपल, किराणा, मंडळाचे कार्यक्रम, मुलीच्या वयाची मराठी मुलं, सगळं या बाजूला. शहरातून इकडे यायला गाडीने अर्धा-पाऊण तास लागतो. हिवाळ्यात तो अंगावर येतो.

आणि जुन्या लोकांनी शहराचे फार वाईट दिवस पाहिलेत. ते विसरणं सोपं नाही. तरी हल्ली आम्हीच पाहुणे आले की त्यांना शहरात घेऊन जातो, हे कबूल करायला हवं.

सातमैलकर

शाळेबद्दल काटेसावर यांचं म्हणणं बरोबर आहे, त्यावर पुढे लिहितो. मी शहराच्या वायव्य भागात, लिव्हरनॉय आणि सात मैल (सेव्हन माइल) या रस्त्यांच्या जवळ राहतो, स्वतःच्या घरात. थोडं सविस्तर लिहितो.

१९५० साली डेट्रॉइटमध्ये साडेअठरा लाख लोक होते. २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार. शहराचं क्षेत्रफळ मात्र तेवढंच, साधारण ३६० चौरस किलोमीटर. बारा लाख माणसं गेली. रस्ते, जलवाहिन्या, दिवे, बागा मागे राहिल्या आणि त्यांचा खर्च उचलणारे कमी झाले. जुलै २०१३ मध्ये सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांखाली शहराने दिवाळखोरी मागितली, तेव्हा रस्त्यावरचे साधारण ४० टक्के दिवे लागत नव्हते. २०१६ च्या अखेरीपर्यंत ६५ हजार नवे दिवे बसले. जनगणना खात्याच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये, १९५७ नंतर पहिल्यांदाच, लोकसंख्या घटायची थांबून किंचित वाढली. २०२४ मध्ये २०३ खून झाले, १९६५ नंतरचा तोवरचा सर्वांत कमी आकडा. एवढ्या लोकवस्तीच्या शहराला २०३ हा आकडा लहान नाही. पण तो नकाशावर सारखा पसरलेलाही नाही.

आता तुमच्या 'कुठल्या रस्त्यावर' या प्रश्नाकडे येतो, कारण तोच खरा प्रश्न आहे. इथे वस्तीचं नाव ऐकून घर ठरवू नका. ब्लॉक, म्हणजे दोन चौकांमधला रस्त्याचा तुकडा, तो ठरवा. एका ब्लॉकवर दोन्ही बाजूंची सगळी घरं नांदती, हिरवळ कापलेली, ओसरीवर खुर्च्या. पलीकडच्या ब्लॉकवर निम्मे प्लॉट रिकामे. फरक कुठून आला? बहुतेक ठिकाणी तिथे टिकून राहिलेल्या माणसांमुळे. शेजारचं घर ओस पडलं तरी त्याचं गवत कापणारे, खिडक्यांना फळ्या ठोकणारे, रात्री पाळीने गस्त घालणारे, महिन्याला ब्लॉक क्लबची बैठक भरवणारे लोक. यातली बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबं आहेत, दोन-तीन पिढ्या त्याच घरात राहिलेली. शहर सावरल्याचं श्रेय मोठ्या इमारतींना दिलं जातं, पण त्याआधीची चाळीस-पन्नास वर्षं शहर या लोकांनी धरून ठेवलं. घर बघायला जाल तेव्हा दलालाआधी त्या ओसरीवरच्या आजींशी बोला. त्या ब्लॉकबद्दल कुठल्याही संकेतस्थळापेक्षा जास्त सांगतील.

माझ्या भागाबद्दल : युनिव्हर्सिटी डिस्ट्रिक्ट, शेरवूड फॉरेस्ट, पामर वुड्स, बॅगली या लागून असलेल्या वस्त्या. विटांची भक्कम घरं, बरीचशी १९२०-३० च्या दशकांतली, मोठी झाडं. लिव्हरनॉय रस्त्याचा इथला पट्टा अॅव्हेन्यू ऑफ फॅशन म्हणून ओळखला जातो. दुकानं, खाण्याच्या जागा, आणि आठ मैल रस्त्याजवळ १९३४ पासून चालू असलेलं बेकर्स कीबोर्ड लाउंज हे जॅझचं ठिकाण. तुमच्या रुग्णालयापर्यंत गाडीने पंधरा-वीस मिनिटं. आणखी पश्चिमेला ग्रँडमाँट रोझडेल, तिथली रहिवासी संघटना फार जागरूक आहे. कुटुंबासाठी मी याच दोन भागांपासून सुरुवात करीन.

पायवाट

मी वेन स्टेट विद्यापीठात शिकते आणि मिडटाउनमध्ये गाडीशिवाय राहते, म्हणून फक्त त्याबद्दल.

वुडवर्ड अॅव्हेन्यू हा शहराचा कणा. त्यावर क्यूलाइन ही ट्राम २०१७ पासून धावते, डाउनटाउन ते ग्रँड बुलवार्ड, साडेपाच किलोमीटरच्या आसपास, तिकीट नाही. तिचं वरचं टोक न्यू सेंटरलाच आहे. डाउनटाउनमध्ये उंचावरून फिरणारी पीपल मूव्हर १९८७ ची, तीही आता फुकट. पण रानजाईताई, एवढ्यावर भुलू नका. ट्राम फक्त वुडवर्डवर आहे, आणि बाकी शहर बसवर. काही मार्गांवर बस वेळेत आणि वारंवार येते, काहींवर थांब्यावर चांगलंच ताटकळावं लागतं. मिडटाउन, न्यू सेंटर, डाउनटाउन किंवा लाफायेट पार्कमध्ये राहिलात तर एका गाडीत घर चालेल. वायव्येला राहिलात तर बहुधा दोन लागतील.

मिडटाउनमध्ये राहण्याचं सुख म्हणजे डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स हे कलासंग्रहालय. वेन, ओकलंड आणि मॅकोम्ब या तिन्ही काउंटींच्या रहिवाशांना प्रवेश मोफत, कारण लोकांनी २०१२ मध्ये मतदान करून त्यासाठी कर मान्य केला. दिवाळखोरीत इथली चित्रं विकून देणी फेडावीत असा आग्रह धरला गेला होता. संस्था, राज्य सरकार आणि धर्मादाय प्रतिष्ठानांनी पैसे उभे करून चित्रंही वाचवली आणि निवृत्तांच्या पेन्शनची मोठी कात्रीही टाळली. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये रंगवलेली २७ भित्तिचित्रं मधल्या दालनात आहेत : भट्ट्या, पट्ट्यावरून सरकणारी इंजिनं, वाकलेले कामगार. अभ्यासाचा कंटाळा आला की मी तिथल्या बाकावर जाऊन बसते. जवळच चार्ल्स राइट संग्रहालय आहे, आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचं. लेकीला दोन्हीकडे न्याच. विज्ञान केंद्रही चालत जाण्याच्या अंतरावर.

दगडफूल

मी वास्तुरचनेच्या क्षेत्रात आहे, राहायला लाफायेट पार्क. त्यामुळे जरा पक्षपाती लिहिणार.

डाउनटाउनला लागून, ईस्टर्न मार्केटच्या दक्षिणेला ही वसाहत आहे. आराखड्यात वास्तुरचनाकार मीस व्हान डर रोह, नगररचनाकार लुडविग हिल्बरसायमर आणि उद्यानरचनाकार आल्फ्रेड काल्डवेल असे तिघं होते. काचेच्या भिंतींची एकमजली-दुमजली घरं, काही उंच इमारती, आणि मध्ये मोठं हिरवं मैदान, गाड्या नजरेआड. मुलं शाळेत एकही मोठा रस्ता न ओलांडता जातात. दुमजली घरं सहकारी पद्धतीची आहेत, म्हणजे आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीसारखं : तुम्ही समभाग घेता, महिन्याचा देखभाल आकार भरता. कर्ज देणाऱ्या बँका मर्यादित असतात, ते आधी विचारा. उंच इमारतींत भाड्याने घरं मिळतात.

इथे राहताना एक गोष्ट माहीत असावी. या जागी ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची दाट वस्ती होती. १९५० च्या दशकात ती पाडली, हेस्टिंग्ज स्ट्रीटवरची दुकानं आणि संगीताची ठिकाणं हमरस्त्याखाली गेली, आणि भाडेकरूंपैकी बहुतेकांना काहीही भरपाई मिळाली नाही. माझं घर मला फार प्रिय आहे, आणि ते कशावर उभं आहे हेही मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

इमारती बघायच्या असतील तर डाउनटाउनमधली गार्डियन बिल्डिंग, १९२९ ची. आत शिरलात की छतावरच्या रंगीत फरशा बघताना मान दुखेपर्यंत वर पाहाल. यातल्या काही फरशा इथल्याच पेवाबिक पॉटरीच्या. ती कार्यशाळा १९०३ पासून चालू आहे आणि ईस्ट जेफरसनवर जाऊन बघता येते. तुमच्या न्यू सेंटरमध्ये फिशर बिल्डिंग आहे, १९२८ ची, वास्तुरचनाकार अल्बर्ट कान यांच्या कार्यालयाची. जेवणाच्या सुट्टीत तिच्या कमानदार दालनातून चालून येता येईल. मोटाउन या संगीत कंपनीचं मूळ घर, हिट्सव्हिल, तेही वेस्ट ग्रँड बुलवार्डवरच.

आणि मिशिगन सेंट्रल स्टेशन. १९१३ ला सुरू, १९८८ ला शेवटची गाडी सुटली, मग तीस वर्षं फुटक्या खिडक्या. जगभरच्या वर्तमानपत्रांत डेट्रॉइट म्हणून याच इमारतीचे फोटो छापले जायचे. फोर्डने २०१८ मध्ये विकत घेतलं आणि जून २०२४ मध्ये लोकांसाठी उघडलं. प्रतीक्षालयाच्या छताखाली पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा आजूबाजूला कितीतरी म्हातारी माणसं डोळे पुसत होती. दुरुस्तीत जुन्या भित्तिलेखांचा एक तुकडा मुद्दाम तसाच ठेवलाय, तो निर्णय मला फार आवडला.

जमाखर्च

वस्त्यांची चर्चा छान चालली आहे. पैशाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

एक, शहराचा आयकर. डेट्रॉइटच्या रहिवाशाला २.४ टक्के, बाहेर राहून शहरात काम करणाऱ्याला १.२ टक्के, राज्याच्या ४.२५ टक्क्यांवर हे वेगळे. म्हणजे ट्रॉयमध्ये राहिलात तरी तुमच्या पगारावर १.२ टक्के लागतीलच. तुमच्या यजमानांना मात्र ट्रॉयमध्ये शून्य आणि शहरात पूर्ण २.४. दोघांचा हिशेब वेगवेगळा मांडा.

दोन, घरपट्टी. यात नवखे लोक फार अडकतात. मिशिगनमध्ये १९९४ पासून करपात्र मूल्य वर्षाला महागाई किंवा ५ टक्के, यातल्या कमी दरानेच वाढू शकतं. त्यामुळे तिथे वीस वर्षं राहिलेल्या मालकाची घरपट्टी खूप कमी दिसते. घर विकलं की ही मर्यादा उठते आणि मूल्य बाजारभावाच्या निम्म्यावर नव्याने ठरतं. विक्रेत्याची पावती बघून खर्च धरू नका. डेट्रॉइटमध्ये स्वतः राहत असलेल्या घरावर करपात्र मूल्याच्या दर हजारामागे ६५ डॉलरच्या आसपास बसतात. ३ लाख डॉलरचं घर धरा : करपात्र मूल्य दीड लाख, घरपट्टी वर्षाला दहा हजारांच्या घरात. मुख्य निवासाची सवलत मिळण्यासाठी अर्ज भरावा लागतो, तो भरला नाही तर शाळांसाठीचे आणखी १८ डॉलर हजारी लागतात. काही वस्त्यांत नेबरहूड एंटरप्राइझ झोनची वेगळी सवलत आहे, त्या पत्त्याला ती लागू आहे का ते महापालिकेत विचारा.

तीन, गाडीचा विमा. २०१९ च्या कायद्यानंतर वैद्यकीय संरक्षणाची रक्कम निवडता येते, तरी शहरातला हप्ता उपनगरापेक्षा बराच जास्त. घर पक्कं करण्याआधी त्याच पत्त्यावर दर मागवा.

आणि स्वस्त घराचा मोह आवरा. लँड बँकेच्या (ओस पडलेली घरं ताब्यात घेऊन विकणारी सरकारी संस्था) लिलावात घरं अगदी कमी किमतीत मिळतात, पण ठरलेल्या मुदतीत ती राहण्याजोगी करावी लागतात. छत, वायरिंग, नळ, घर गरम ठेवणारी भट्टी सगळं नवं धरून चाला. कुठलंही घर घेताना थकीत घरपट्टी आणि थकीत पाणीपट्टी दोन्ही तपासा, ती घराच्या मागे लागते.

रानजाई

एवढं मोकळेपणाने लिहिताय, खूप आभार. नवऱ्याच्या २.४ टक्क्यांचा आम्ही विचारच केला नव्हता. सातमैलकर, शाळेबद्दल लिहिणार होतात. आणि पूर्वेकडच्या कालव्यांच्या वस्तीचे फोटो फार सुंदर दिसतात, जेफरसन चाल्मर्स. ती कशी आहे?

सातमैलकर

शाळा. सरळ सांगतो : पत्त्यावरून मिळेल त्या शाळेत घातलं आणि झालं, असं इथे होत नाही. शोधावं लागतं. मोठ्या मुलांसाठी कॅस टेक आणि रेनेसाँ या प्रवेशपरीक्षेच्या माध्यमिक शाळा आहेत, दोन्हींचं नाव चांगलं आहे. लहानांसाठी लाफायेट पार्कजवळ क्रायस्लर एलिमेंटरी, आमच्या बाजूला बेट्स अकॅडमी. दोन्हीकडे आधी अर्ज करावा लागतो. मॅकनिकल्स रस्त्यावर जुन्या मेरीग्रोव्ह महाविद्यालयाच्या आवारात २०१९ पासून नवी शाळा उभी राहते आहे, मिशिगन विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग तिच्याशी जोडलेला आहे. माझ्या मुलांच्या वेळी आम्ही दोन शाळा बदलल्या आणि तिसरीत ती रुळली. ज्यांना ही धडपड नको असेल त्यांनी उपनगर निवडावं, त्यात काहीही चूक नाही.

जेफरसन चाल्मर्स खरंच देखणी आहे, घरामागे कालवा, त्यात होडी. पण जून २०२१ च्या पावसात पूर्व भागातल्या हजारो तळघरांत गटाराचं पाणी उलटलं, आणि त्याच वर्षी या वस्तीचा मोठा भाग पूरक्षेत्रात धरला गेला, म्हणजे कर्ज घेतल्यास पुराचा विमा सक्तीचा. तळघर बघताना भिंतीवर पाण्याची रेघ शोधा, उलटं पाणी अडवणारी झडप बसवली आहे का विचारा. हे शहरात सगळीकडेच विचारा. घरं जुनी आहेत, १९७८ आधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि काही घरांना अजून शिशाची नळजोडणी आहे. शहर ती स्वखर्चाने बदलतंय, तुमच्या पत्त्याचा क्रम लागला का ते कळतं. सहा वर्षांचं मूल घरात असताना हे टाळू नका.

काटेसावर

हा प्रतिसाद मी आमच्या मंडळाच्या गटात पाठवते आहे. इतकं नेमकं कोणी सांगत नाही.

पायवाट

शनिवारचं राहिलं! ईस्टर्न मार्केट १८९१ पासून याच जागी भरतंय. सकाळी लवकर जा, मिशिगनचे शेतकरी स्वतः उभे असतात. उन्हाळ्यात मका आणि चेरी, शरदात सफरचंद. तिथून डेक्विंडर कट या जुन्या रेल्वेमार्गाच्या पायवाटेने सायकलवर थेट नदीकाठी उतरता येतं. नदीकाठ पूर्वी सिमेंटचे कारखाने आणि गाड्यांचे तळ यांनी व्यापलेला होता, आता मैलोन्‌मैल चालता येतं. पश्चिमेच्या टोकाला २०२५ मध्ये राल्फ विल्सन बाग उघडली, तिथली खेळायची जागा लहान मुलांना वेड लावते. पलीकडचा काठ कॅनडाचा, आणि तो इथून दक्षिणेला आहे.

बेल आइल हे नदीतलं बेट म्हणजे जवळपास हजार एकरांची बाग. १९०४ चं मत्स्यालय, काचेचं वनस्पतिगृह, पोहायचा किनारा. चालत किंवा सायकलवर गेलात तर पैसे नाहीत, गाडीला राज्याचा वार्षिक पास लागतो. काठावर बसलात की तीनशे मीटर लांबीची खनिजवाहू जहाजं अगदी जवळून सरकत जातात. या जहाजांना चालता चालता टपाल पोचवणारी एक होडी आहे, तिला स्वतःचा पिन कोड आहे, ४८२२२. लेकीला ही गोष्ट नक्की सांगा.

आणि भाजीसाठी नोव्हायलाच जायला हवं असं नाही. हॅमट्रॅमिक हे डेट्रॉइटच्या पोटातलं वेगळं छोटं शहर, पूर्वी पोलिश, आता बांगलादेशी आणि येमेनी. कोनंट अॅव्हेन्यूवर लाल माठ, पडवळ, कारली, रोहू, हिलसा, सगळं मिळतं. उन्हाळ्यात तिथल्या घरांच्या अंगणात दुधीचे मांडव असतात!

दगडफूल

पिटुकली पण महत्त्वाची सूचना. नैर्ऋत्येला मेक्सिकनटाउनच्या बाजूला अॅम्बॅसडर पुलाच्या मार्गिका लागतात. चुकीच्या मार्गिकेत शिरलात तर माघारी फिरणं अवघड, थेट सीमेवर जाल. तुमच्यापैकी कोणी एच-वन किंवा एच-फोर व्हिसावर असेल तर हे फार गंभीर प्रकरण होऊ शकतं. त्या भागात नकाशा नीट बघून गाडी चालवा, कागदपत्रं जवळ ठेवा. भाग मात्र चुकवू नका. व्हर्नर रस्ता, क्लार्क पार्क, तिथली बेकरी, रविवारची गर्दी. शहराचा बाकी भाग ओस पडत होता तेव्हाही मेक्सिकन कुटुंबांनी हा रस्ता गजबजता ठेवला.

रानजाई

आमचं असं ठरतंय : पहिलं वर्ष लाफायेट पार्क किंवा मिडटाउनमध्ये भाड्याने, गाडी एकच. क्रायस्लर एलिमेंटरीला अर्ज. तेवढ्यात वायव्येकडचे ब्लॉक हिंडून बघू. मे महिन्यात चार दिवस येतोय. सातमैलकर, त्या ओसरीवरच्या आजींशी ओळख करून द्याल?

सातमैलकर

जरूर या. आमच्या ब्लॉक क्लबची बैठक मे महिन्यात असतेच, त्या दिवशी आलात तर एकाच संध्याकाळी सगळे भेटतील. काहीतरी खायला करून आणा, इथली तशी रीत आहे. आणि नुसतं वसंतात बघून घर ठरवू नका, जानेवारीतही एकदा त्या रस्त्यावर या. गल्लीबोळातला बर्फ महापालिका सहा इंचांच्या वर पडला तरच काढते. त्याखाली असेल तर शेजारीपाजारी मिळून फावडी घेतात. कोण बाहेर येतं ते बघून घ्या.